अमेरिकेत कॉलेजचे ग्रेड दरवर्षी घसरत गेलेत (४ पैकी ३.९, ३.६, ३.२). यंदाच मेडिकल स्कूलला अर्ज करावा का?

माझं स्पष्ट मत: यंदा नको, एक वर्ष थांबा.

तिन्ही वर्षांची सरासरी साधारण ३.५७ येते, आणि ती काही वाईट नाही. अडचण उताराची आहे. एएमकॅस या मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जात जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वर्षवार वेगळा दिसतो, शिवाय जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा वेगळा काढला जातो. त्यामुळे घसरण लपत नाही. निवड समितीला प्रश्न पडतो, की विषय अवघड झाल्यावर हा विद्यार्थी टिकेल का? ३.२ वरून ३.९ वर चढलेल्याबद्दल तो प्रश्न पडत नाही.

चौथं वर्ष पूर्ण करा, त्यात बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजीसारखे विषय घ्या. ९० क्रेडिट झाले असतील आणि पुढचे ३० सगळे ए ग्रेडने झाले, तर एकूण जीपीए ३.६७ च्या आसपास जातो. आकडा थोडाच हलतो, पण उतार थांबल्याचं दिसतं, आणि मोल त्याचं आहे. तेवढ्याने भागलं नाही तर पोस्ट-बॅक करा, म्हणजे पदवीनंतर पदवीच्याच पातळीचे आणखी विषय घ्या. ते ग्रेड पदवीच्या जीपीएत धरले जातात, मास्टर्सचे मात्र वेगळे राहतात. एमकॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर चांगला आला तरी तो ही घसरण पुसत नाही.

आणि घसरण का झाली, ते आधी स्वतःशी प्रामाणिकपणे शोधा. आजारपण, घरची अडचण, नोकरीचे तास, काहीही असो. अर्जात ते दोन-तीन वाक्यांत सांगा, रडगाणं नको. कारण अजून तसंच असेल, तर आधी ते सोडवा. अर्ज पुढच्या वर्षीही करता येईल.