दोन-तीन महिन्यांतून एकदाच संबंध येतो, तर एचआयव्ही टाळणारी गोळी रोज घ्यावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत राहता, दोन-तीन महिन्यांतून एकदा कामासाठी पुण्याला जाता, तिथं एका पुरुषाशी संबंध येतो, आणि तेवढ्यासाठी रोज गोळी घ्यायची का. नाही, रोज घ्यायची गरज नाही. माझंही असंच आहे. मी खानापूरकडचा, नोकरी बेळगावात.

या गोळीला प्रेप म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एकाच गोळीत असतात. पुरुषांनी ती गरजेपुरती घ्यायची पद्धत म्हणजे दोन-एक-एक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तिची शिफारस केली. त्याआधी २०१५ मध्ये फ्रान्स-कॅनडातल्या अभ्यासात अशी गोळी घेणाऱ्यांमध्ये लागण ८६ टक्क्यांनी कमी दिसली होती.

समजा शनिवारी रात्री भेटायचंय. संध्याकाळी सहाला दोन गोळ्या एकदम घ्यायच्या. संबंधाच्या आधी किमान दोन तास, जास्तीत जास्त चोवीस. मग रविवारी सहाला एक, सोमवारी सहाला एक. रविवारी परत संबंध आला, तर शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस होईपर्यंत रोज एक चालू ठेवायची.

चुकते ती सोमवारची. पुण्यात असेपर्यंत सगळं लक्षात असतं. सोमवारी आपण कामावरून घरी आलेलो, आई चहा ठेवतेय, शेजारचे बसलेत. माझी एकदा तशीच राहिली आणि पुढची तपासणी होईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून ती गोळी औषधाच्या कोऱ्या पाकिटात घालून डब्याच्या पिशवीत ठेवतो आणि मोबाईलवर सहाचा गजर लावतो. गजराचं नाव ‘दूध’. कुणी बघितलं तरी काही वाटत नाही.

आधी तपासणी मात्र कराच. अंगात एचआयव्ही असताना ही गोळी एकटी घेतली, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी फुकट होते. २०१७ च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. सोबत मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी बघून घ्या. बी असेल तर गोळी अशी घेणं-थांबवणं यकृताला धोक्याचं ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पहिल्यांदा मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली, तर काउंटरवरचा माणूस चारचौघांत ‘ही एड्सची गोळी ना?’ म्हणाला. कानशिलं तापली, चिठ्ठी तिथंच टाकून बाहेर आलो. तुमच्यावर तशी वेळ आली तर दुकान बदला, गोळी सोडू नका. ती आजार टाळायला घेतोय, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लग्न झालं असेल तर हेही लक्षात घ्या: दोन-एक-एक बायकांसाठी नाही, त्यांना ही गोळी घ्यायची तर रोजच घ्यावी लागते. आणि गरमी, परमा असे गुप्तरोग या गोळीनं थांबत नाहीत, म्हणून कंडोम हवाच.

गोळी न घेता संबंध होऊन गेला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. त्यासाठी वेगळं औषध आहे, पेप. ते बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यायचं असतं, आणि जितक्या लवकर तितकं बरं. रविवार असला तरी सोमवारची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन सरळ ‘पेप हवंय’ म्हणा. जायच्या आधी कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत.