वाचकांचे प्रश्न : कालव्याच्या काठावरून बास गरवताना

उन्हाळा जवळ आला की परदेशी मुलांकडे जाण्याच्या तयारीत असलेल्या बडोदेकरांची पत्रे वाढतात. व्हिसा, विमा आणि औषधे हे त्यांतले नेहमीचे विषय. या खेपेस मात्र मासे गरवण्याविषयी काही चांगले प्रश्न आले आहेत, म्हणून हे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, फोर्ट लॉडरडेलजवळ राहते. तिच्या घरामागे कालवा आहे. जावई सुट्टीच्या दिवशी दुपारी काठावर उभे राहून बास नावाचा मासा गरवतात, पण हाती फारसे काही लागत नाही. मे ते सप्टेंबर मी तेथे असेन. माझे वय ६८ आहे. लहानपणी गावच्या ओढ्यावर गांडूळ लावून मासे धरले, एवढाच अनुभव. होडी नाही. सुरुवात कशी करावी? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : होडी नाही याचे वाईट वाटून घेऊ नये. दक्षिण फ्लोरिडातील बहुतेक कालवे चुनखडीच्या खडकात सरळ खणलेले आहेत. त्यांचा मधला भाग बराचसा उघडा आणि एकसारखा असतो. सावली, गवत, पडलेली झाडे, पुलांचे खांब आणि पावसाच्या पाण्याचे नळ हे सारे कडेला असते, आणि बास ज्यांच्यावर जगतो ते लहान मासेही तेथेच असतात. नवखा मनुष्य जास्तीत जास्त दूर, पलीकडच्या काठापर्यंत आमिष फेकण्याच्या खटाटोपात असतो आणि त्याच्या पायांशी असलेला मासा त्याच्या चाहुलीनेच निघून जातो. काठाच्या पाच-सहा फूट अलीकडे थांबावे, पाय आपटत चालू नये, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि पहिली फेक नेहमी काठाला समांतर करावी. एका जागी तासभर बसण्यापेक्षा दहा-बारा फेकी करून पुढे सरकावे.

आपल्या जावईबापूंची वेळ चुकते की आमिष चुकते, हे सांगण्यापूर्वी त्या कालव्यात बास या नावाने ओळखले जाणारे दोन अगदी निराळे मासे असतात हे सांगितले पाहिजे. एक मोठ्या तोंडाचा, हिरवट रंगाचा, अंगावर आडवा काळसर पट्टा असलेला स्थानिक बास. दुसरा पीकॉक बास. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील, तिलापिया नावाच्या माशाच्याच कुळातला. पिवळसर अंगावर उभे काळे पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी सोनेरी कडा असलेला डोळ्यासारखा ठिपका, ही त्याची खूण. कालव्यांत बाहेरून आलेल्या ठिपकेदार तिलापियाचा सुळसुळाट झाला, तेव्हा तो खाऊन कमी करावा म्हणून राज्याच्या मत्स्यखात्याने १९८४ साली पीकॉक बास तेथे मुद्दाम सोडला. पाणी सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तो मरतो, त्यामुळे तो राज्याच्या दक्षिण टोकापलीकडे पसरू शकला नाही.

या दोघांची दिनचर्या वेगळी आहे. स्थानिक बास उन्हाळ्यात पहाटेच्या अंधुक उजेडात आणि सूर्यास्ताच्या सुमारास खातो. ऊन चढले की पुलाखाली, गवताच्या छपराखाली जाऊन स्वस्थ राहतो. पीकॉक बास डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून तो भर उजेडात, सकाळी नऊपासून दुपारपर्यंतही जोमाने आमिषावर येतो आणि रात्री खात नाही. शिवाय स्थानिक बासला जे रबरी गांडूळ सर्वांत जास्त आवडते, त्याकडे पीकॉक बास सहसा ढुंकूनही पाहत नाही. त्याला लहान जिवंत मासा किंवा झपाट्याने पळणारे माशाच्या आकाराचे आमिष लागते. दुपारच्या उन्हात रबरी गांडूळ टाकून बसणाऱ्याची दोन्हीकडून निराशा होते, आणि जावईबापूंचे असेच होत असावे असा माझा कयास आहे.

रबरी गांडूळ लावण्याची पद्धत नीट शिकून घ्यावी, कारण तण असलेल्या पाण्यात दुसरे आमिष इतके उपयोगी पडत नाही. साडेसहा-सात फुटांची मध्यम ताठ काठी, बारा ते पंधरा पौंड ताकदीचा तंगूस (गळाचा धागा) आणि सहा-सात इंचांचे गांडूळ घ्यावे. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे छोटे शिसे आधी तंगुसात ओवून मग गळ बांधावा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर आत घालून बाजूने बाहेर काढावे, गळ पूर्ण ओढून घेऊन उलटा फिरवावा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात खुपसावे, म्हणजे ते बाहेर कोठेच दिसत नाही आणि गवतात अडकत नाही. गांडूळ सरळ लोंबले पाहिजे. ते वाकडे राहिले तर ओढताना गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. फेकल्यावर ते तळाशी जाऊ द्यावे, काठीचे टोक हळूच फूटभर उचलावे, पुन्हा खाली सोडावे. मासा बहुधा ते खाली पडत असताना घेतो. हाताला टक् असे काहीसे जाणवते किंवा नुसता तंगूस बाजूला सरकू लागतो. त्या क्षणी ढिला तंगूस गुंडाळून घ्यावा आणि मगच जोरात झटका द्यावा, कारण टोकाला आधी रबर फोडून बाहेर यायचे असते.

पाऊस पडून गेल्यावर जेथे नळातून पाणी कालव्यात पडते ती तोंडे, कालव्यांचे संगम, बंद टोके आणि पूरनियंत्रणाच्या दरवाजांची खालची बाजू पाहावी. दरवाजा उघडून पाणी वाहू लागले की लहान मासे प्रवाहाबरोबर येतात आणि मोठे त्यांची वाट पाहत थांबतात.

आता परवाना. फ्लोरिडात ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना परवाना लागत नाही असे आपणांस कोणीतरी सांगेल. ती सवलत राज्याच्या रहिवाशांपुरती आहे. पाहुण्याला, वय १६ किंवा अधिक असल्यास, परवाना काढावाच लागतो, मग मासा लगेच सोडून द्यायचा असला तरी. तो तीन दिवसांचा, सात दिवसांचा किंवा वर्षाचा मिळतो. आपला मुक्काम पाहता वर्षाचाच परवडेल. फोर्ट लॉडरडेलच्या बाजूचे काही कालवे समुद्राला मिळालेले आहेत आणि त्यांत खारे पाणी असते. तेथे खाऱ्या पाण्याचा वेगळा परवाना लागतो, म्हणून घरामागचा कालवा कोणता हे मुलीला आधी विचारून घ्यावे. स्थानिक बास दिवसाला पाचच ठेवता येतात आणि त्यांतला एकच १६ इंच किंवा त्याहून लांब असू शकतो.

मगरींच्या शहरातून जाणाऱ्याला अॅलिगेटर या तिकडच्या मगरीविषयी फार सांगायला नको. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तो जास्त हालचाल करतो, आणि गळाला लागून तडफडणारा मासा त्याला लांबून कळतो. पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात ठेवू नयेत, साफ केलेल्या माशांची घाण कालव्यात टाकू नये. अॅलिगेटरला खायला घालणे तेथे गुन्हा आहे. नातवंडे बरोबर असतील तर त्यांना पाण्याच्या कडेवर बसू देऊ नये. मे ते ऑक्टोबर तेथे पावसाचे दिवस, आणि दुपारनंतर विजा कडाडतात. कार्बनची काठी वीज वाहून नेते. पहिला गडगडाट ऐकताच घरात जावे.

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला राहतो. वसाहतीच्या हिरव्यागार तळ्यात ऑगस्टमध्ये तो पहाटे मासे गरवायला गेला. पहाटे मासे हमखास लागतात असे सर्वांनी सांगितले होते. मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडत होते, पण एकानेही आमिष घेतले नाही. असे का? – एक वाचिका, कारेलीबाग

उत्तर : ते मासे भुकेने वर आले नव्हते, त्यांचा श्वास कोंडला होता. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. तळे शेवाळाने हिरवे असेल तर दिवसभर उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेच शेवाळ तो वापरते. त्यामुळे वारा पडलेल्या उकाड्याच्या रात्रीनंतर सूर्योदयापूर्वीची वेळ ही अशा तळ्यात सर्वांत वाईट ठरते. पहाटेचा नियम कालव्याला आणि खोल तलावाला ठीक आहे. उथळ हिरव्या तळ्यात त्याच्याऐवजी संध्याकाळ निवडावी, किंवा ऊन पडून दोन तास होऊ द्यावेत.

चिरंजीवांनी तळ्यात कारंजे आहे का ते पाहावे. असल्यास त्याच्या पडत्या पाण्याच्या कडेला, नसल्यास वारा ज्या काठाकडे लाटा नेतो त्या काठाला प्रयत्न करावा. मात्र सगळ्या तळ्यात मासे तोंडे वर करून हपापत असतील तर त्या दिवशी गळ टाकूच नये. दमछाक झालेला मासा सोडून दिला तरी अशा पाण्यात सावरत नाही. वसाहतीच्या व्यवस्थापकाला कळवलेले बरे, कारण अशीच आणखी एक-दोन रात्री गेली तर मासे मरून वर येतील.

प्रश्न : बडोद्यात असे मासे गरवता येतील का? विश्वामित्रीवर किंवा आजव्याला? आणि डभोईजवळ माझे शेततळे आहे, त्यात परदेशातून बासची पिल्ले आणून सोडली तर? – एक वाचक, अकोटा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जिवंत मासे देशात आणता येत नाहीत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी हा मासा आणण्यासारखा नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत मोठ्या तोंडाच्या बासचे नाव आहे. परक्या पाण्यात तो किती फोफावतो याचा दाखला म्हणजे त्याचा वजनाचा विक्रम. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. त्याची बरोबरी २००९ साली झाली ती अमेरिकेत नव्हे, तर जपानच्या बिवा सरोवरात, जेथे हा मासा बाहेरून आला आहे. मानाबू कुरिता यांचा मासा एका औंसाने जड होता. नवा विक्रम होण्यासाठी दोन औंस जास्त लागतात, म्हणून तो बरोबरीचा ठरला. आपले शेततळे पावसाळ्यात एकदा ओसंडले की पिल्ले कांसांतून (पाण्याच्या चरांतून) आणि ओढ्यांतून ढाढर नदीपर्यंत जातील, आणि मग ती परत गोळा करणे कोणाच्याही हातात राहणार नाही.

विश्वामित्रीचा विचार करू नये. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. एरवी त्या नदीतच असतात, इतकेच. फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मादी काठावर अंडी राखते आणि तेव्हा ती विशेष आक्रमक असते. आजवा सरोवर शहराला पिण्याचे पाणी पुरवते, आणि मगरी तेथेही आहेत. नर्मदेचा मुख्य कालवा लांबून सुरक्षित दिसतो, पण त्याचा काँक्रीटचा उतार शेवाळाने निसरडा असतो आणि आत घसरलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही.

राहिली गावतळी. ती बहुधा मत्स्यपालनासाठी इजाऱ्याने दिलेली असतात, म्हणजे त्यातले मासे इजारदाराचे असतात. त्याला विचारून, पैसे ठरवून बसावे. तेथे मरळ असल्यास बासची उणीव भासू नये. तोही काठच्या गवतात दबा धरून बसतो आणि पाण्यावरून ओढलेल्या पोकळ रबरी बेडकावर तुटून पडतो. एक फरक मोठा आहे : मरळ हवेतून श्वास घेतो, त्यासाठी त्याला वर यावेच लागते, आणि कोंदट हिरव्या तळ्यातही तो जोमात असतो. शांत पाण्यावर एखादा बुडबुडा फुटून वर्तुळ उमटले की त्याच्या दोन-तीन फूट पलीकडे बेडूक टाकून त्या जागेवरून आणावा. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठभागाशी हलताना दिसला तर मात्र गळ गुंडाळून ठेवावा. आईबाप खालीच राखण करत असतात, कशावरही झडप घालतात, आणि ते गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. बासचा नरही घरटे असेच राखतो, तेव्हा परदेशी जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्याकडे मासे खात नाहीत, पण मुलाला गरवण्याचा नाद आहे. सोडलेला मासा जगतो का? – एक वाचिका, दांडिया बाजार

उत्तर : नीट हाताळला तर बहुतेक वेळा जगतो. पक्कडीने गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करावा, म्हणजे गळ सहज निघतो. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. बासचे दात खरकागदासारखे बारीक असतात, त्यामुळे त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्यावा, नुसत्या जबड्यावर लोंबकळवू नये. मरळच्या तोंडात बोट कधीही घालू नये, दात तीक्ष्ण असतात. फोटो काढायचा असेल तर मोबाइल आधी तयार ठेवून मग मासा पाण्याबाहेर काढावा. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस गळाच्या अगदी जवळ कापावा आणि मासा तसाच सोडावा.