आजीच्या मडक्याला साबण का लावायचा नाही

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. मागे आजीचा आवाज येतोय, "अगो चेडवा, मडक्याक साबण लावू नको!" आणि मग तू हळूच विचारतेस की आई, आजी एवढी का ओरडली, आणि माशाचं मडकं वेगळं, दह्याचं गाडगं वेगळं, हे सोवळंबिवळं आहे का.

थोडं सोवळं आहेच, सोमवारी ते माशाचं मडकं चुलीजवळ पण येत नाही बघ. पण साबणाचं कारण वेगळं. एक कर, मागच्या अंगणात फुटक्या मडक्याची खापरी पडलेली असेल, ती पुसून घे आणि तिच्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाक. थोड्या वेळाने बघ, थेंब गायब, नुसता काळपट डाग. मडक्याला आपल्या कपबशीसारखी झिलई नसते, सगळी बारीक बारीक छिद्रं, त्यामुळे ते तेल पितं तसा साबणही पितं आणि मग पुढच्या माशाच्या तिखल्याला लिंबाच्या साबणाचा वास. म्हणून आजी राख आणि नारळाचं सोडण घेऊन घासते. आणि बांगडा शिजलेल्या मडक्यात दही लावलं तर ते कसं लागेल हे तूच सांग.

आता गंमत ऐक. आपण इथे कॅनडात मिसिसागात राहतो ना, इथल्याच युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हीच गोष्ट वापरून साडेचार हजार वर्षांपूर्वीचं दूध शोधलं! गुजरातेत कच्छमध्ये कोटडा भडली नावाचं हडप्पा काळातलं गाव आहे, तिथलं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रबोध शिरवळकर आणि गुजरातचं पुरातत्त्व खातं यांनी केलं. तिथल्या ५९ खापऱ्या तपासल्या, २०२० मध्ये ते छापून आलं. खापरीचा थोडा भाग दळून पावडर करायची, द्रावणात घालून आत मुरलेली चरबी बाहेर काढायची आणि मशीनमध्ये घालून बघायचं कसली आहे ती. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून हजारो वर्षं मातीत पडून पण ती छिद्रांत टिकते. मात्र खापरीला उघड्या हाताने बोट लावायचं नाही, आपल्या बोटांचं तेल, हँड क्रीम, सगळं त्यात जातं. म्हणजे तिथेही कुणीतरी आजीसारखं ओरडत असणारच 😄

पण दूध की मटण हे कळतं कसं, तर चरबीत स्टिअरिक आम्ल नावाचा एक प्रकार असतो. मांसातल्या चरबीत तो जनावराचं शरीर बरंचसं स्वतः बनवतं, पण कासेत तो बनत नाही, म्हणून दुधात तो बराचसा थेट चाऱ्यातून येतो, आणि त्यामुळे त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं पडतं. त्यावरून काही मडक्यांत दूधदुभतं होतं हे कळलं, आणि जनावरांच्या दातांवरून हेही की गाईम्हशींना भरड धान्याचा चारा मिळत होता, शेळ्यामेंढ्या मात्र गवतावर. दुभत्या जनावराला जास्त खायला घालायचं, आजीच्या गोठ्यात पण तेच चालतं की.

सगळंच असं सापडत नाही हं. वांग्यात चरबी कुठली, त्यामुळे या पद्धतीत भाजीचा पत्ता सहसा लागत नाही, मटण मात्र लगेच पकडलं जातं. भाजीसाठी स्टार्चचे कण शोधतात. हरियाणात फरमाणा इथे तसे कण मडक्यांवर आणि माणसांच्या दातांवर मिळाले, हळदीचे आणि आल्याचे, वांग्याचे पण! मला तर हे दुधापेक्षा भारी वाटलं, कुणाच्या तरी दातात अडकलेली हळद चार हजार वर्षांनी कुणीतरी मायक्रोस्कोपखाली बघतंय.

तर तुझ्या त्या साबण लावलेल्या मडक्यात गरम पाणी भरून रात्रभर ठेव, सकाळी ओतून टाक, असं दोनतीनदा कर, मग तांदळाची पेज उकळ त्यात आणि उन्हात वाळव. आजीला सांग आईने सांगितलंय, मग ती काही बोलणार नाही, किंवा मलाच फोन करून बोलेल.

आणि येताना तिरफळं आण, मागच्या वेळी विसरलीस.

तुझी,
आई