अलास्काला निघताय? आधी वजनकाटा काढा

सेस्ना १७२ या छोट्या विमानात सीट चार असल्या, तरी इंधनाच्या टाक्या पूर्ण भरल्या की चार माणसं आणि सामान वजनात बसेलच असं नाही. आम्ही दिवाणखान्यात काटा मांडून पोरांना बॅगांसकट उभं केलं, तेव्हा कुठे बुटांचे जादा जोड घरी राहिले!

पहिल्याच खेपेला कॅनडातल्या मॅकेन्झी ते वॉटसन लेक हा ‘ट्रेंच’चा (डोंगरांमधल्या लांबलचक दरीचा) जवळचा मार्ग घेऊ नका. मध्ये गावं जेमतेम, इंधनाचा भरवसा नाही. अलास्का हायवे धरा: फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स. लांब पडतो, पण खाली रस्ता दिसत राहतो आणि ढग उतरले तर कुठेतरी टेकता येतं.

अलास्कात विमानात आपत्कालीन सामान ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे. काडेपेटी मात्र स्वतःच्या खिशात ठेवा. विमानातून घाईत बाहेर पडलात तर खिशातलं तेवढंच सोबत येतं.

फ्लाइट प्लॅन (उड्डाणाआधी कळवलेला मार्ग आणि वेळ) उतरल्यावर पोचल्याचं कळवून आठवणीने बंद करा, नाहीतर तुमची शोधाशोध सुरू होते. हवा बिघडली तर म्हणून तीन-चार दिवस मोकळे ठेवा. ऑफिसात परतीची तारीख मोघमच सांगा. आणि हो, लहान मुलं असतील तर दर दोन तासांनी उतरायचंच, टाकी कितीही भरलेली असो.