उंबरठा ओलांडला की जागं कोण होतं?

या वेळचं सदर ‘सेव्हरन्स’ या मालिकेवरच्या प्रश्नांना दिलं आहे. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लुमन नावाच्या कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवलेली असते. ऑफिसात घरचं काही आठवत नाही, घरी ऑफिसचं. एका देहात दोन माणसं. मालिकेत त्यांना ‘इनी’ आणि ‘आउटी’ म्हणतात. आपण आतला आणि बाहेरचा म्हणू. मार्क, हेली, डिलन आणि आयर्व्हिंग हे मॅक्रोडेटा विभागातले चौघे; कोबेल आणि मिल्चिक त्यांचे वरिष्ठ. पहिलं पर्व २०२२ मध्ये ९ भागांचं झालं, दुसरं जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये १० भागांचं. खाली दोन्हींचा शेवट उघड केलेला आहे. बघायचं राहिलं असेल तर पान मिटा.

प्रश्न: चिप नेमकी कधी बदलते? शेवटच्या भागात लिफ्टमध्ये बंदूक आपोआप कशी उडाली? (नाशिक)

उत्तर: बदल घडतो तो उंबरठ्यावर, आणि मालिका हा नियम फार काटेकोरपणे पाळते. ऑफिसची लिफ्ट हा एक उंबरठा, जिन्याचं दार हा दुसरा. पहिल्या पर्वात हेली त्या दारातून बाहेर पळते आणि पुढच्याच क्षणी स्वतःच आत परत येते. कारण बाहेर गेलेल्या बाईला पळायचं काही कारणच नसतं. प्रसूतीच्या केबिनचं दार तिसरा उंबरठा. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मार्क तिथे आत-बाहेर करत कॅमेऱ्यावर निरोप ठेवून स्वतःशीच भांडतो. म्हणजे चिप लुमनच्या इमारतीला बांधलेली नाही. जिथे यंत्रणा बसवली तिथे उंबरठा तयार.

दुसरा प्रकार दुरून बदलण्याचा. ‘ओव्हरटाइम’ लावलं की आतला माणूस बाहेरच्या जगात जागा होतो. पहिल्या पर्वात त्यासाठी दोन खटके एकाच वेळी दाबून धरावे लागतात, म्हणून डिलनला हात पसरून अडकून राहावं लागलं. ‘ग्लासगो’ हे याच्या बरोबर उलट: आतला जिथे जागा असायला हवा तिथे बाहेरचा जागा ठेवायचा.

आता बंदूक. मार्कने लुमनचा अधिकारी ड्रमंड याच्या मानेला बंदूक लावलेली असते आणि दोघे तळघरातल्या चाचणी मजल्याकडे उतरत असतात, जिथे मार्कची बायको जेमा कोंडलेली आहे. कामाच्या मजल्यावर आतला मार्क जागा असतो, चाचणी मजल्यावर बाहेरचा. उतरताना मध्येच बदल होतो. बदलाच्या क्षणी डोळे फडफडतात आणि अंगाला हलका झटका बसतो, हे आपण पहिल्या भागापासून बघत आलो आहोत. त्या झटक्यात बोट खटक्यावर आवळलं गेलं. बंदूक आतल्याने उडवली की बाहेरच्याने, हा वाद चाहत्यांत अजून चालू आहे. आमच्या मते दोघांनीही नाही.

वर येताना हाच नियम उलटा लागतो. लिफ्टमध्ये चुंबन घेत असतात मार्क आणि जेमा. दार उघडतं तेव्हा उभे असतात आतला मार्क आणि जेमाची आतली मिस केसी, म्हणजे एकमेकांचे सहकारी. पुढे ती जिन्याच्या दारातून बाहेर पडते आणि पुन्हा जेमा होते. तो अलीकडेच राहतो. शेवटचा सगळा प्रसंग समजायला एवढं एक गणित पुरेसं आहे.

प्रश्न: मॅक्रोडेटा विभागातले चौघे ते आकडे गोळा करून करतात तरी काय? (ठाणे)

उत्तर: करायचं काय, ते पहिल्या पर्वातच दाखवलं आहे. पडद्यावर आकड्यांचा समुद्र. त्यातल्या एखाद्या पुंजक्याकडे बघून पोटात गोळा येतो, भीती वाटते किंवा उगाच बरं वाटतं. तो पुंजका उचलायचा आणि खालच्या पाच डब्यांपैकी एकात टाकायचा. प्रत्येक डब्यात चार मोजपट्ट्या भरत जातात: डब्ल्यूओ, एफसी, डीआर, एमए. म्हणजे शोक, बागडणं, धास्ती आणि खुन्नस. कंपनीचा संस्थापक किअर ईगन याच्या शिकवणीप्रमाणे माणसाचा स्वभाव या चौघांनी बनतो आणि त्यांना काबूत आणलं की माणूस जगाचा धनी होतो.

कशासाठी, ते कळतं दुसऱ्या पर्वाच्या अगदी शेवटी. कोबेल मार्कला सांगते की ते आकडे म्हणजे त्याची बायको. त्याने संपवलेल्या प्रत्येक फाइलमधून, म्हणजे आकड्यांच्या संचातून, जेमाच्या डोक्यात एक नवी ‘आतली’ तयार झाली. चाचणी मजल्यावरच्या खोल्यांना फाइलींचीच नावं आहेत. वेलिंग्टनमध्ये कायम दाताच्या डॉक्टरची खुर्ची. तिथल्या बाईला आयुष्यात दुसरं काही ठाऊकच नाही. ‘कोल्ड हार्बर’ ही पंचविसावी. त्या खोलीत जेमाला पाळणा सुटा करायला लावतात, तिच्या न झालेल्या बाळासाठी आणलेला. तरी ती शांत राहिली, म्हणजे आतली आणि बाहेरची यांच्यामधली भिंत पक्की.

इथे बरेच कयास घसरतात. कोबेलचं बोलणं मार्कच्या फाइलींपुरतं आहे. बाकी तिघांचे आकडे कुणाचे, हे मालिकेने सांगितलेलं नाही. मात्र खालच्या मजल्यावर चौघांच्याही पडद्यांवर नजर ठेवणारी माणसं बसलेली दिसतात. शिवाय २०२२ मध्ये मालिकेसोबत ‘द लेक्सिंग्टन लेटर’ नावाची छोटी ई-पुस्तिका मोफत दिली होती. तिच्यात टोपेका शाखेतली एक बाई आपली फाइल संपवते आणि काही मिनिटांत प्रतिस्पर्धी कंपनीचा ट्रक स्फोटात उडतो. ‘प्रत्येक फाइल म्हणजे एक मन’ असं म्हणायचं असेल तर या ट्रकचं काय करणार? दोन्ही बसेल असा तर्क मांडा, नाहीतर पुस्तिका योगायोगावर बेतलेली आहे असं सरळ म्हणा. तिला नुसतं विसरून चालणार नाही.

प्रश्न: हे चार स्वभाव आपल्या वात-पित्त-कफावरून घेतले असतील का? (कोल्हापूर)

उत्तर: जवळचं मूळ ग्रीक वैद्यकात आहे: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. गालेनच्या परंपरेत प्रकृती आणि स्वभाव या चौघांच्या प्रमाणावर ठरतात. आकडाही चारच. समतोलाची कल्पना आपल्याकडेही आहे, पण एवढ्यावरून धागा जोडणं म्हणजे ओढूनताणून आणलेलं नातं.

प्रश्न: दुसऱ्या पर्वात हेलीच्या जागी तिची बाहेरची, हेलेना, आली आहे, हे चौथ्या भागाआधी ओळखता आलं असतं का? (पुणे)

उत्तर: आलं असतं, आणि पुष्कळांनी ओळखलंही. सगळ्यात बळकट पुरावा तिच्या तोंडचाच. बाहेर काय दिसलं असं विचारल्यावर ती म्हणते, कंटाळवाणं घर होतं आणि रात्रीचा माळी भेटला. आपण तर पहिल्या पर्वाच्या शेवटी तिला लुमनच्या भपकेबाज समारंभात, ईगन घराण्याची मुलगी म्हणून पाहिलेलं आहे. खोटं उघड होतं, प्रश्न एवढाच की खोटं कोण बोलतंय. हेलीसुद्धा लाजेपोटी हे लपवू शकली असती, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. पण त्याला दुसरा जोडा: संगणक चालू करायचं बटण ती चाचपडत शोधते. मन लपवता येतं, हाताची सवय लपवता येत नाही. आयर्व्हिंगने मात्र बटण बघितलं नाही. हेली कधी क्रूर नव्हती, एवढं त्याला पुरलं. त्याने तिचं डोकं पाण्यात दाबलं आणि मिल्चिकला ग्लासगो काढण्याचा हुकूम ओरडावा लागला.

शेवटच्या धावपळीतली हेलीसुद्धा हेलेनाच आहे, असा एक तर्क जोरात आहे. तो आम्हाला पटत नाही. त्याच भागात हेलेनाचा बाप जेम ईगन तिच्यासमोर येऊन सांगतो की मुलीत त्याला किअर दिसेनासा झाला होता आणि तो आता हिच्यात दिसतो. समोरची आतली आहे हे त्याला माहीत आहे. तर्क टिकवायचा असेल तर त्यानंतर तिला कुठे आणि कुणी बदललं, ते दाखवावं लागेल. त्या वेळी मिल्चिक तर न्हाणीघरात कोंडला गेला होता.

प्रश्न: मिस केसी म्हणते, माझं आयुष्य १०७ तासांचं आहे. हा आकडा जुळतो का? (नागपूर)

उत्तर: करून बघा. त्यातले ८ तास हेलीवर लक्ष ठेवण्यात गेले, उरले ९९. उरलेले बहुतेक तास कर्मचाऱ्यांशी समुपदेशनाच्या सत्रांत गेले, असं ती सांगते. अर्ध्या तासाचं एक सत्र धरलं तर जास्तीत जास्त १९८ सत्रं; ती ‘बहुतेक’ म्हणते, म्हणजे थोडी कमीच. मार्क तिथे दोन वर्षं आहे. एवढ्या काळात तिला इतकंच जागं केलं असेल तर उरलेला वेळ तो देह कुठे होता? उत्तर दुसऱ्या पर्वाच्या सातव्या भागात: चाचणी मजल्यावर, निरनिराळ्या खोल्यांत. पहिल्या पर्वातला आकडा दुसऱ्या पर्वातल्या उत्तराला तंतोतंत धरून आहे. असे आकडे टिपून ठेवावेत.

प्रश्न: ‘चिखाई बार्दो’ आणि ‘स्वीट व्हिट्रिऑल’ या भागांच्या नावांचा अर्थ काय? (पणजी)

उत्तर: बार्दो हा तिबेटी शब्द, संस्कृतात त्याला अंतराभव म्हणतात: एक अवस्था संपली, दुसरी सुरू व्हायची आहे, ती मधली जागा. चिखाई बार्दो म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूच्या क्षणाची अवस्था. मालिकेत हे नाव एका चित्रपत्त्याचं आहे, ज्यात माणूस स्वतःशीच झुंजतोय. तसलाच पत्ता डिलनने पहिल्या पर्वात ऑफिसातून पळवला होता. जेमा जगासाठी मेलेली आणि तळघरात पुन्हा पुन्हा जन्मणारी, तेव्हा नाव उगाच दिलेलं नाही.

दुसरं नाव रसायनशास्त्रातलं. गंधकाम्लाला जुन्या काळी व्हिट्रिऑलचं तेल म्हणत. ते मद्यार्काबरोबर तापवून मिळणारं ‘गोड व्हिट्रिऑलचं तेल’ म्हणजेच ईथर. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि वेदना बंद करता येते हे जगाने पाहिलं. कथेतली लुमन १८६५ ची. कोबेलच्या गावात लुमनचा ईथरचा कारखाना होता, आणि चिपचा मूळ आराखडा तिचाच, हे याच भागात उघड होतं. दुःख जाणवू नये म्हणून आधी ईथर, मग चिप: धंदा तोच.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीतच राहतो. लुमनची इमारत बघता येते का? (एडिसन)

उत्तर: येते. ती होल्मडेलमधली बेल लॅब्सची जुनी इमारत, वास्तुकार एरो सारिनेन, १९६२ मध्ये सुरू झालेली. आता तिचं नाव बेल वर्क्स. तळमजल्यावर दुकानं आणि सार्वजनिक वाचनालय आहे. बाहेरचा पाण्याचा मनोरा ट्रान्झिस्टरच्या आकाराचा आहे, तो चुकवू नका. पांढऱ्या बोळांचा शोध मात्र घेऊ नका. तो मजला स्टुडिओतला सेट आहे.

प्रश्न: आम्ही चौघे मिळून तर्क लढवतो, पण दर वेळी फसतो. पद्धतशीर कसं करावं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात पडद्यावर प्रत्यक्ष घडलेलं, दुसऱ्यात कुणी कुणाला सांगितलेलं, तिसऱ्यात तुमचा अंदाज. प्रत्येक नोंदीपुढे भाग, मिनिट आणि त्या वेळी आतला जागा होता की बाहेरचा, हे लिहा. फसगत होते ती दुसऱ्या रकान्यातलं पहिल्यात गेल्याने. मिल्चिक दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला सांगतो की पहिल्या पर्वाच्या शेवटी आतल्यांनी केलेल्या उठावाला पाच महिने झाले. आतल्यांकडे ना घड्याळ ना खिडकी, ते विश्वास ठेवतात. बघणाऱ्यांनीही ठेवला, आणि पुढच्याच भागात कळलं की काही दिवसच झालेत.

दुसरी चूक, उपशीर्षकांना पुरावा मानणं. बोलणाऱ्याचं नाव तिथे मजकूर तयार करणारे टाकतात. तेही रहस्य जपणारच. तिसरी, शोभेच्या वस्तूंवर भलताच भार टाकणं. टेबलावरचं टर्मिनल १९७० च्या दशकातल्या डेटा जनरल डॅशरवर बेतलेलं आहे. एवढ्यावरून ‘कथा सत्तरीत घडते’ म्हणाल तर मार्कच्या खिशातला मोबाइल आडवा येतो. उलट, कळफलकावर ‘एस्केप’ची कळच नाही, ही नोंद पहिल्या रकान्यात खुशाल घ्या.

प्रश्न: लुमनमध्ये दिसणाऱ्या शेळ्या म्हणजे क्लोनिंगचा प्रयोग ना? (सातारा)

उत्तर: १९९६ मध्ये क्लोनिंगने जन्मलेल्या डॉलीमुळे तो तर्क चालला, पण डॉली मेंढी होती आणि शेवटच्या भागात शेळी बळीसाठी आणली जाते, मेलेल्या बाईच्या आत्म्याला किअरच्या दारापर्यंत वाट दाखवायला. ‘कोल्ड हार्बर’नंतर जेमाचं काय करणार होते, याचं उत्तरही त्यातच आलं.

प्रश्न: लिफ्टमध्ये चेहरा तोच राहतो आणि मागचं सगळं ताणलं जातं, ते कसं करतात? मोबाइलवर जमेल का? (रत्नागिरी)

उत्तर: याला डॉली झूम म्हणतात. कॅमेरा पुढे सरकतो आणि त्याच वेळी झूम मागे घेतला जातो. चेहऱ्याचा आकार झूम आणि अंतर यांच्या गुणोत्तरावर असतो, म्हणून ते गुणोत्तर शेवटपर्यंत तेच ठेवायचं. ३ मीटरवर ३ पट झूमने सुरुवात करा, १ मीटरवर १ पटीने संपवा. मध्ये २ मीटरवर २ पट यायला हवं. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. मोबाइल चाकाच्या खुर्चीवर घट्ट बांधा, एकाने खुर्ची ढकला, दुसऱ्याने झूम सरकवा. उजेड आधीच कुलूपबंद करा. फोकस मात्र चेहऱ्यावर चालू राहू द्या; अंतर बदलत असताना तो कुलूपबंद केला तर चेहरा मध्येच धूसर होतो. पाठीमागे कोरी भिंत नको, तिच्यावर ताण दिसतच नाही. लांबलचक व्हरांडा किंवा दारांची रांग हवी. सगळ्यात जास्त बिघडतं ते फोन मध्येच एका भिंगावरून दुसऱ्यावर उडी मारतो म्हणून. चित्र एकदम हललं तर समजा हेच झालं. भिंग अडकवून ठेवायची सोय ॲपमध्ये असेल तर ती वापरा. नसेल तर २ मीटर ते १ मीटर आणि २ पट ते १ पट एवढ्यावर भागवा.