शंभरच्या प्लॅनवर कॉल तुटतोय? तीनशेचा घेण्याआधी हे वाचा

दादा, तुम्ही लिहिलंय ते सगळं आमच्या घरी होऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंदूरच्या सुदामानगरात जुनं दुमजली घर, शंभर एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे इंटरनेटच्या वेगाचं माप) फायबर प्लॅन, स्पीड टेस्ट पूर्ण शंभर दाखवते, तरी मागच्या खोलीत वहिनींचे ऑफिसचे कॉल तुटतात आणि कंपनीवाले म्हणतात, "तीन सौ वाला ले लो, सर." घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर नाही असं आहे. निदान कंपनीने लाइन तपासल्याशिवाय तर अजिबात नाही.

मी इंजिनियर नाही. रामबागेत राहते, गाणं शिकवते, आणि बरेचसे विद्यार्थी अमेरिकेत आहेत. त्यांची संध्याकाळ ती आमची सकाळ. लाइन गेली की माझा क्लास बुडतो, म्हणून हे सगळं शिकणं भाग पडलं. राउटर बंद-चालू करणं वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यावर बोलत नाही.

आधी गरज किती ते बघा. फोर-के सिनेमासाठी नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं, फुल एचडीला ५. एचडी व्हिडिओ कॉलला साधारण ४ धरा. म्हणजे आई हॉलमध्ये फोर-के मालिका बघतायत, मुलगा वर एचडी मॅच बघतोय, तुम्ही आणि वहिनी दोघंही कॉलवर, आणि सगळ्यांचे फोन मागे फोटो चढवतायत, तरी ४० च्या वर जाणं कठीण. आपल्याकडे सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी २ एमबीपीएस, तेही २०२३ पासून. त्याआधी ५१२ केबीपीएस, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस होतं. २ मध्ये घर चालतं असं मी म्हणत नाही. पण चौघांच्या घराला ५० पुरतं आणि १०० म्हणजे ऐसपैस, हे माझं ठाम मत आहे.

आता ज्या गोष्टीने आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि मनःस्ताप घेतला ती सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, विचारूही नका. क्लासमध्ये आवाज मध्येच दोन-तीन सेकंद गायब व्हायचा. विद्यार्थिनी तान घेतेय आणि अर्धी तान हवेत. वारा सुटला की जास्त. त्यांच्या ऑफिसात गेलं की काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरकडे बघून सांगायचा, "मॅडम, यहाँ तो फुल स्पीड आ रही है, आपका प्लान छोटा पड़ रहा है." प्रत्येक वेळी हेच. कॉल तुटतोय म्हटलं की प्लॅन वाढवा, आवाज अडकतोय म्हटलं तरी प्लॅन वाढवा. आम्ही पन्नासवरून शंभर, शंभरवरून तीनशे केले. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. आवाज तसाच तुटत राहिला. मग सांगितलं की आता राउटर जुना झाला, आमचा नवा घ्या. एकदाही कुणी खांबावरची पेटी उघडून बघितली नाही.

आणि तक्रारींचं काय व्हायचं? फोन यायचा, "मॅडम, ओटीपी आया होगा, बता दीजिए, टेक्निशियन को असाइन करना है." ओटीपी दिला की तक्रार बंद. सोडवली म्हणून बंद! घरी कुणी आलेलंच नसायचं. मला आजही याचा संताप येतो, कारण माणूस चुकतो हे समजू शकतं, पण इथे सोडवलेल्या तक्रारींचा त्यांचा आकडा चांगला दिसावा म्हणून माझ्या घरी बसून मी भोगत होते. दादा, काम होऊन तुमच्या समोर नीट चालेपर्यंत ओटीपी कुणालाही देऊ नका. कितीही गोड बोलले तरी.

शेवटी शेजारच्या घरी नवं कनेक्शन जोडायला एक तरुण लाइनमन आला होता, त्याला मी हाक मारली. त्याच्याकडे प्रकाश मोजायचं छोटं मीटर होतं. आमच्या तारेच्या टोकाला आकडा आला उणे २९ डीबीएम (डीबीएम म्हणजे प्रकाशाच्या जोराचं माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). तो म्हणाला, "आंटी, इसमें जान ही नहीं है." फायबर ज्यात येऊन जोडलं जातं त्या बहुतेक घरगुती डब्यांना उणे २७ च्या आसपासपर्यंतच प्रकाश नीट वाचता येतो. आकडा उणे १५ ते उणे २५ मध्ये असला की काळजी नाही. आमची तार खिडकीच्या झडपेत दबून वाकली होती आणि पेटीतल्या कनेक्टरवर धूळ होती. फायबर म्हणजे काच, ती कोनात वाकली की प्रकाश बाहेर निसटतो. त्याने टोक कापून नवं जोडलं, कनेक्टर पुसला, तार खिडकीतून काढून भिंतीत भोक पाडून आणली. आकडा उणे २० झाला, म्हणजे जवळजवळ आठपट प्रकाश. त्या दिवसापासून क्लास सुरळीत. चहा पिऊन तो निघून गेला, आणि ऑफिसने मात्र तीनशेचा प्लॅन मुदत संपेपर्यंत खाली आणू दिला नाही.

स्पीड टेस्ट पूर्ण का दाखवायची? ती काही सेकंद चालते, आणि बऱ्याचदा समोरचा सर्व्हर कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो. इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत येते, आणि थोडी पाकिटं हरवली तरी ती परत मागवून सरासरी आकडा छान येतो. सिनेमाही आधीच थोडा भरून ठेवलेला असतो, म्हणून तो अडत नाही. कॉलला मात्र हरवलेलं पाकीट परत मागवायला वेळ नसतो, ते गेलं ते गेलंच. म्हणून पिक्चर नीट आणि कॉल खराब असं दिसतं.

तुमचं दुखणं आमच्यासारखंच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. तुम्ही "मागच्या खोलीत" लिहिलंय, तो शब्द मला खटकला. लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वहिनींना एक पूर्ण कॉल करू द्या. तरी तुटला तर लाइन, नाही तुटला तर वायफाय. इतकं साधं आहे, पण ऑफिसात हे कुणी सांगत नाही. लाइनचा संशय असेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर बऱ्याच मॉडेलांत "आरएक्स पॉवर" किंवा "ऑप्टिकल पॉवर" असा येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो, तो बघा.

वायफाय असेल तर तीनशे काय, हजारचा प्लॅन घेतला तरी मागच्या खोलीत काही फरक पडणार नाही. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ मरतो. २.४ चा जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि संध्याकाळी सगळी कॉलनी त्यावरच. स्वस्त रिपीटरच्या (वायफाय पुढे ढकलणाऱ्या डब्याच्या) नादी लागू नका, तो ऐकलेलं परत त्याच चॅनलवर बोलतो, वेग निम्मा होतो. मागच्या खोलीपर्यंत कॅट-सिक्सची नेटवर्क तार ओढा आणि तिकडे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे तिथूनच वायफाय मिळेल. तार जेल रोडला मिळेल, पण शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती दोन पावसाळ्यांत दगा देते. आणि जोडणाऱ्याला आठही वायर जोडायला सांगा. चारच जोडल्या तर तार शंभरवर अडकते. जाता जाता, बऱ्याच स्मार्ट टीव्हींच्या लॅन पोर्टची मर्यादाही १०० एमबीपीएसच असते, म्हणजे तारेने जोडलेल्या टीव्हीला तीनशेचा उपयोग शून्य.

मोठा प्लॅन कुणाला लागतो? मुलगा मोठ्या गेम्स उतरवत असेल तर फरक आहे. १०० जीबीची गेम १०० वर सव्वादोन तास घेते, ३०० वर पाऊण तास. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना, घरात बरेच कॅमेरे सतत क्लाउडवर चालू असणाऱ्यांना लागतो, आणि त्यांनी चढवण्याचा (अपलोडचा) वेग आधी विचारावा. पण लांबच्या कॉलमधला उशीर कोणत्याच प्लॅनने जात नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, आणि अमेरिका १३ हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन १३० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. म्हणून मी आणि विद्यार्थिनी एकत्र गाऊ शकत नाही, मी गाते, मग ती गाते. हे तीनशेच्या प्लॅनवरही तसंच होतं. गाणं-वाजवणं शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर झूममध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करा, नाहीतर ते तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं.

तक्रारीबद्दल एवढंच. मी वकील नाही, नियम बदलतात, खात्री करून घ्या. पण फोनवर बोलून सोडू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. सोडवली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, आणि त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायला (सरकारच्या दूरसंचार नियामकाला) थेट लिहून फायदा नाही, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. आमच्या कंपनीवाल्यांच्या ऑफिसात "अपील" हा शब्द उच्चारला आणि पहिल्यांदा मॅनेजर खुर्चीतून उठले.

तारेवरचा कॉल कसा झाला आणि पॉवरचा आकडा किती आला ते लिहा. उणे २७ च्या खाली (उणे २८, उणे २९ असा) असेल तर तक्रारीत तो आकडा तसाच टाका आणि मीटर घेऊन माणूस पाठवा असं स्पष्ट मागा. आकडा लिहिलेला असला की "प्लान छोटा है" म्हणणं त्यांना जड जातं.