वेळास ते हर्णै: किनारा अभ्यासायला निघण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. मुलांना घेऊन कोकण किनाऱ्यावर हवामानबदल अभ्यासण्याच्या दौऱ्याचा तुमचा आराखडा वाचला. चार दिवसांत अलिबाग ते मालवण हे फार झालं. निम्मा वेळ गाडीत जाईल आणि हाती फक्त फोटो लागतील. त्यापेक्षा वेळास, केळशी, आंजर्ले आणि हर्णै एवढाच पट्टा घ्या. कासवं, वाळूची टेकडी, खाडीतली तिवरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, मासळीचा लिलाव, सगळं इथं सापडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. चार दिवसांत हवामानबदल डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर ती हळूहळू परत येते. ऑगस्टमधला फोटो जानेवारीतल्या फोटोशेजारी ठेवून ‘समुद्र गिळतोय’ असं लिहिणं चूक आहे. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत येणाऱ्या तुकडीला ताडून पाहता येईल अशी मोजणी तुम्ही ठेवून आलात, तर दौरा सार्थकी लागला.

तारीख तिथी पाहून ठरव. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता, ते निघते आणि तिथून साधारण सहा तासांवर ओहोटी. पौर्णिमेला उधाणाचं पाणी खूप मागे जातं खरं, पण तेव्हा ओहोटी पहाटे अंधारात लागते. द्वितीया-तृतीयेला उधाणाचा जोर असतोच आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमाराला येते. खडकाळ किनारा पाहायला हीच वेळ. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असताना, गेलात तर खडक पुरते उघडेच पडणार नाहीत. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यात बघ. माघी पौर्णिमेनंतरची द्वितीया मला सर्वांत सोयीची वाटते, कारण त्या सुमारास कासवांची पिल्लंही बाहेर पडू लागतात. शिमग्यात मात्र नको. घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, आणि पालखी हा गावाचा देव घरोघर नेण्याचा सोहळा आहे. पन्नास पाहुण्यांची सरबराई त्या दिवसांत गावावर लादू नये.

आता पुळणीचा उतार मोजायचं. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या आणि वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. मध्ये दोन मीटरची दोरी बांधा. सुती किंवा नायलॉनची नको, ती ताणते, साखळी उत्तम. एक काठी जमिनीच्या बाजूला, दुसरी समुद्राच्या. जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा आपल्या काठीवर जिथे येते, तो आकडा म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणायची, आणि असं पाण्यापर्यंत जायचं. मध्येच वाळूचा उंचवटा आला की उलट करायचं: जमिनीकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून समुद्राकडच्या काठीवर वाचायचं आणि आकड्यापुढे अधिकचं चिन्ह टाकायचं. हे चिन्ह विसरलं की सगळा आलेख बिघडतो. ओल्या वाळूत काठी रुतते, म्हणून तळाला लाकडी चकती ठोका. काठी कलते, म्हणून ओळंबा लावा. सुरुवातीची खूण सुरूच्या झाडावर करू नका. एखाद्या वादळात झाड जातं आणि खूणही जाते. देवळाची पायरी किंवा बंधाऱ्याचा कोपरा घ्या, त्याचा फोटो आणि जीपीएस वहीत ठेवा.

वेळासला पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. गावकरी दोरी लावतात, तिच्या आत पाऊल नको. टॉर्च नको, फ्लॅश नको. पिल्लू उजेडाच्या दिशेनं जातं आणि चुकतं. पिल्लं निघतीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, हे मुलांना आधीच सांग. घरट्यातली वाळू साधारण 29-30 अंशांच्या वर गेली की माद्या जास्त निपजतात, म्हणून तापमान मोजण्यासारखं आहे. ते उबवणी केंद्रापासून लांब, गावाला विचारून मोजा: पृष्ठभागावर आणि 45 सेंटिमीटर खोल, सकाळी सहाला आणि दुपारी दोनला. वरचा पारा किती हलतो आणि खालचा किती कमी, हे पाहून मुलं थक्क होतील. खड्डा लगेच बुजवा, त्यात कासव अडकतं.

वाड्यांमध्ये जाल तेव्हा ‘हवामानबदल जाणवतो का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होतं आणि पूर्वी कधी व्हायचं, ते विचारा. मग पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावा. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 500 मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत. समुद्राचं पाणी 35,000 च्या आसपास. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात पोफळी आडव्या झाल्या. नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. या मधल्या काळात घर कशावर चाललं, हा प्रश्न हळुवारपणे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

हर्णैचा लिलाव दुपारनंतर रंगतो. टोपल्यांच्या वाटेत उभं राहू नका, कोळणींचे फोटो विचारून काढा. लिलाव सरल्यावर, मालकानं परवानगी दिली तर, पापलेटची लांबी मोजा. राज्यात पापलेट पकडायची किमान मर्यादा 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासे किती निघतात, ते गावाचं नाव न लिहिता नोंदवा. ज्यानं विश्वासानं टोपली दाखवली, त्याला त्रास व्हायला नको.

निघण्याच्या आदल्या दिवशी इनकॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचा, लाटांचा अंदाज पाहा. परतल्यावर महिन्याभरात वहीची मराठी प्रत चारही ग्रामपंचायतींना पाठव, खुणेच्या फोटोंसकट.

कळावे.